संग्रहपालाची जागा

रविवार, १५ जून. दुपारी बारा वाजून बावन्न मिनिटांनी गेरोल्ट हायनेमानने काटा-सुरी ताटात आडवी ठेवली आणि सांगितलं, की त्याने विद्यापीठाच्या कर्मचारी विभागाला एक पत्र लिहिलं आहे. १४ मे रोजी दगडफूल-संग्रहाच्या संग्रहपालपदासाठी मुलाखती झाल्या, तेव्हा तो कर्मचारी परिषदेचा प्रतिनिधी म्हणून खोलीत बसला होता. यादीत पहिली आलेली उमेदवार, डॉ. हेनरिके लोझे, त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे. एवढंच त्याने विभागाला कळवलं होतं.

रोझविटाच्या बागेतल्या टेबलाभोवती चौघं होती. रोझविटा, जिचा तो सत्तरावा वाढदिवस होता. तिची मुलं, हेनरिके आणि टिल्मान. आणि धाकटा भाऊ गेरोल्ट, विद्यापीठाच्या प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या आणि चंबू फुंकून देण्यात ज्याची एकोणचाळीस वर्षं गेली होती.

शेगडीवर शेवटचे दोन सॉसेज तडतडत होते.

"काय केलंस म्हणालास?" हेनरिकेने विचारलं.

"कळवलं. जे आहे ते."

"पाठवलंस?"

"आमच्या इमारतीच्या अंतर्गत टपालाच्या खणात ठेवलंय. शुक्रवारी, घरी निघताना. ट्रॉली सोमवारी सातला येते."

टिल्मान मोठ्याने हसला. "म्हणजे अजून गेलेलं नाही! मामा, तू माणूस आहेस की सरकारी फॉर्म?"

"हसण्यासारखं काही नाही, टिल्मान."

"अरे, रडण्यासारखंच आहे. म्हणून तर हसतोय."

रोझविटा उठली. सॉसेजवर शिंपडायला ठेवलेली बिअरची बाटली तिने उचलली आणि उरलेली सगळी बिअर निखाऱ्यांवर ओतली. धुराचा लोट उठला आणि कुंपणापलीकडे शेजारच्या क्नीपर्टच्या वाफ्यांवर गेला.

"माझ्या वाढदिवसाला," ती म्हणाली. "केकवरचं फडकं काढायच्या आत. वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात, गेरोल्ट. तुला हाच सापडला?"

"सोमवारच्या आधी सांगायला हवं होतं."

"लिहायच्या आधी सांगायला हवं होतं!"

हा आवाज बराच मोठा होता. क्नीपर्टचा रेडिओ थांबला. भाड्याने मिळणाऱ्या बागांच्या या वसाहतीच्या फाटकावर हिरव्या रंगात नियम लिहिलेला आहे: रविवारी एक ते तीन शांतता. ओरडायला त्यांच्याकडे जेमतेम सहा मिनिटं उरली होती, आणि हे चौघांनाही ठाऊक होतं. या वसाहतीत दोनदा लेखी ताकीद मिळाली की जमिनीचा तुकडा जातो. रोझविटाला एक ताकीद आधीच मिळालेली होती. टिल्मानने इस्टरला गवत कापायचं यंत्र दुपारी दोनला सुरू केलं होतं.

"१ जुलैपासून राज्य सरकार सगळ्या रिकाम्या जागा गोठवणार," हेनरिके म्हणाली. ती ओरडत नव्हती, पण तिच्या मानेवर लाल डाग उमटले होते. "तुझी परिषद या बुधवारी माझ्या नेमणुकीला मान्यता देणार होती. बुधवारी, मामा! तीन दिवस. मुलाखत रद्द झाली तर जाहिरात पुन्हा द्यावी लागेल. तीन आठवडे मुदत, मग छाननी, मग मुलाखती. तोवर जागा गोठलेली. आणि ३० सप्टेंबरला माझ्या कराराची मुदत संपते. हे तुला माहीत होतं की नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"शुक्रवारी उपाहारगृहात, संग्रह ज्यांच्या हाताखाली येतो त्या प्राध्यापकांच्या चिटणीसबाई माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, 'हेर हायनेमान, तुमची एक बहीण कामाला होती ना आमच्याच इमारतीत, फार पूर्वी?' मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, 'असं का,' आणि सूप घेऊन गेल्या."

गावातल्या चर्चमध्ये एकचा ठोका पडला.

*

पुढचे दोन तास भांडण कुजबुजत झालं.

रोझविटाला कुजबुजण्याचा सराव होता. तिच्या आयुष्याचा पहिला अर्धा भाग पूर्वेकडच्या, पुढे पश्चिमेत विलीन झालेल्या ज्या देशात गेला, तिथे माणसं स्वयंपाकघरात नळ सोडून बोलत. पण तेव्हा दुसऱ्या कुणाच्या भीतीने आवाज दाबला जाई. सख्ख्या भावावर कुजबुजत ओरडण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि ते फार अवघड होतं. दर दोन वाक्यांनी तिला खोकला येत होता.

"एकोणीसशे ब्याण्णव," ती म्हणाली. "आठवतंय?"

"रोझी, ते आत्ता नको."

"आत्ताच. माझ्या स्वयंपाकघरात तू उभा होतास. माझ्यासमोर विद्यापीठाचा फॉर्म होता. प्रश्न क्रमांक सात. जुन्या राजवटीच्या गुप्त पोलिसांशी आपला कधी संबंध आला होता का? आणि मी तुला विचारलं, काय लिहू?"

मुलांनी हे पूर्वी तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं. प्रागच्या एका सहकाऱ्याची चौकशी करायला दोन माणसं १९८१ मध्ये दोनदा तिच्या खोलीत आली होती. तिने त्यांना दगडफुलांच्या जाती सांगितल्या, चहा दिला, आणि सहकाऱ्याबद्दल एक अक्षर उच्चारलं नाही. ती माणसं परत आली नाहीत. पण संबंध 'आला होता'.

"तू म्हणालास, खरं लिही. आता नवे दिवस आलेत, आता खऱ्याला कुणी घाबरायचं नाही. मी 'हो'वर खूण केली. खाली सहा ओळी खुलासा लिहिला. पश्चिमेकडून तीन साहेब तपासणीला आले होते. त्यांनी खूण वाचली. सहा ओळी वाचल्या नाहीत, आणि मला काढलं. शेजारची कपाटं सांभाळणाऱ्या माणसाने 'नाही'वर खूण केली आणि तो तिथूनच निवृत्त झाला. पुष्पगुच्छ घेऊन!"

"रोझी, क्नीपर्ट ऐकतोय."

"ऐकू दे त्याला! त्यालाही पूर्ण पेन्शन मिळतंय, त्या माणसासारखं."

रोझविटाने १९९२ पर्यंत त्या संग्रहात अकरा हजार पाकिटं स्वतःच्या हाताने लिहिली होती. दगडावरून, सालीवरून, थडग्यांवरून खरवडून आणलेलं एकेक दगडफूल, घडी घातलेल्या कागदात, वर गाव, तारीख, उंची. मधल्या तेहतीस वर्षांत संग्रहपालाची जागा तीनदा मंजूर झाली आणि तीनदा रद्द झाली. पाकिटं करड्या कपाटांत पडून राहिली. रोझविटाने निवृत्त होईपर्यंत एका चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. या मे महिन्यात मुलाखत समितीने उमेदवारांना ओळखायला वीस नमुने दिले, त्यांतल्या नऊ पाकिटांवर तिचं अक्षर होतं. हे हेनरिकेने घरी येऊन सांगितलं तेव्हा रोझविटा बाल्कनीत गेली होती आणि बराच वेळ आत आली नव्हती.

"ती जागा माझी नव्हती उरली," ती आता म्हणाली. "पण घरात येत होती. आणि तू पुन्हा पेन घेऊन उभा राहिलास."

*

गेरोल्ट उठून शेडमागे गेला, पावसाच्या पाण्याच्या पिंपाशी. पाठोपाठ टिल्मान आला. टिल्मानकडे पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट होती आणि तो घरं उबदार ठेवणारे हीटपंप विकत होता. चार वर्षांपूर्वी त्याने विद्यापीठ सोडलं तेव्हा आईने आठवडाभर अबोला धरला होता. त्या वेळी त्याच्या बाजूने बोललेला एकमेव माणूस मामा होता. त्यामुळे आता त्याने मामाच्या बाजूने बोलायला हवं होतं.

"किल्ली दे," टिल्मान हळूच म्हणाला.

"कसली?"

"इमारतीची. मी जातो, पाकीट काढतो, संपला विषय. वीस मिनिटं. आई केक कापेपर्यंत परत."

"ते पाकीट आता माझं नाही. टपालात पडलं."

"खणात पडलंय, मामा. लाकडी खणात! तू स्वतः ठेवलंस, तू स्वतः काढू शकतोस. तुमच्या त्या पुन्हा पुन्हा वापरलेल्या तपकिरी पाकिटांवर अठ्ठावीस जणांची नावं खोडलेली असतात. त्याला काय पावित्र्य आहे?"

गेरोल्टने पिंपातल्या पाण्यावरून एक पान उचललं.

"मला एक सांग," टिल्मान म्हणाला. "तू त्या खोलीत बसलासच कशाला?"

यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी हे त्याला अजून कुणी विचारलं नव्हतं. १४ मेला सकाळी साडेआठला परिषदेतल्या सहकारी बाईंचा फोन आला. पाठ धरली आहे, उठता येत नाही, तू बसशील का? बसायचं आणि पाहायचं, मत द्यायचं नाही. नऊ वाजता तो खोलीत शिरला. टेबलावर चौघा उमेदवारांची यादी होती. तिसरं नाव हेनरिके लोझे. हेनरिके बापाचं आडनाव लावत होती. बाप १९९० मध्ये पश्चिमेला निघून गेला, आडनाव मागे राहिलं. खोलीतल्या कुणालाही नातं माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"तेव्हा उठून सांगायचं होतं. एक वाक्य," गेरोल्ट म्हणाला. "फॉर्म असतो त्याला. पक्षपाताची शक्यता जाहीर करण्याचा. गेल्या वीस वर्षांत मी स्वतः तो दुसऱ्यांकडून शंभर वेळा भरून घेतलाय."

"मग?"

"मी उठलो असतो तर परिषदेचा माणूस नाही म्हणून मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या असत्या. प्राध्यापकांना तेच हवं होतं. त्यांचा माणूस त्या आठवड्यात कोपनहेगनला अडकला होता, संगणकाच्या पडद्यावरून बोलत होता."

"ज्याच्या मापाने जाहिरात शिवली होती तो?"

"तोच."

टिल्मानने तोंड दाबून हसू आवरलं. ती जाहिरात त्याला पाठ होती. दगडफुलांचा अनुभव आवश्यक. मातीतल्या बुरशीच्या जनुकांच्या अभ्यासाचा अनुभव आवश्यक. डॅनिश भाषेचं ज्ञान असल्यास उत्तम. "त्याच्या बुटाचा नंबर तेवढा लिहायचा राहिला होता," तो म्हणाला. "आणि तरी ताई पहिली आली. आणि तरी तू हे करतोस."

"चिटणीसबाई उगाच विचारत नाहीत. त्यांना कळलंय किंवा कळेल. मी गप्प बसलो तर प्राध्यापकांची माणसं हे कागदावर लिहून खणात ठेवतील. नेमणूक होऊ देतील. सहा महिने परिवीक्षा असते, तेवढ्यात कधीही काढता येतं, टिल्मान. पाचव्या महिन्यात कागद बाहेर काढतील. मग ती नुसती नोकरी गमावणार नाही, फसवणूक करून आली म्हणून जाईल. त्यानंतर तिला कुठे उभं करतील?"

कुंपणापलीकडे क्नीपर्ट खोकला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हे तू आईला का नाही सांगत?"

"ती मला ब्याण्णवचं विचारते."

*

टेबलाशी हेनरिके रुमालाच्या कडा जुळवत बसली होती. बेचाळीस वर्षांची. चौदा करार. त्यांतला सर्वांत छोटा सात आठवड्यांचा. कायदा असा आहे, की डॉक्टरेटच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं विद्यापीठ तुम्हाला मुदतीच्या करारावर ठेवू शकतं. बारा वर्षं संपली की कायमची जागा किंवा रस्ता. कायमच्या जागा जवळजवळ नसतातच.

तीन वर्षं ती रोज सकाळी सहाला जागांच्या जाहिराती बघत होती. एकसष्ट अर्ज. पासष्ट टक्के पगारावर पूर्ण वेळ काम, अशा जागा. इस्टरच्या सुट्टीत नऊ दिवस उघडलेली आणि सुट्टी संपायच्या आत बंद झालेली जाहिरात. उत्तरेकडच्या एका शहरात स्टेशनवर तिला घ्यायला एक नम्र तरुण आला होता. त्याने तिची बॅग उचलली, तिच्या व्याख्यानासाठी पडदा लावला, पाण्याचा ग्लास ठेवला. जागा त्यालाच मिळाली. आधीपासून त्याचीच होती. उरलेल्या पाचांना फक्त कायद्यात बसवण्यासाठी बोलावलं होतं, आणि रेल्वेचं भाडंसुद्धा दिलं नव्हतं.

"त्या दिवशी त्याने मला 'तुम्ही' म्हटलं," ती आईला म्हणाली.

"कुणी?"

"मामाने. मी आत गेले, तो भिंतीशी बसला होता. शेवटी विचारलं, 'फ्राउ डॉक्टर लोझे, कर्मचारी परिषदेसाठी तुमचे काही प्रश्न आहेत का?' ज्या माणसाने मला सायकल शिकवली. आणि मी म्हणाले, 'धन्यवाद, हेर हायनेमान, काही नाहीत.'"

रोझविटाने तिच्याकडे पाहिलं. "तू काही बोलली नाहीस."

"नाही."

"तुलाही कळलं होतं, नियम आहे म्हणून?"

"आई, मी बारा वर्षं या विद्यापीठात आहे. मला सगळे नियम माहीत आहेत. मला बरं वाटलं होतं त्याला बघून. आता ते तुलाही माहीत झालं."

तीनचा पहिला ठोका पडला. रोझविटा उठून उभी राहिली, तिसरा ठोका संपेपर्यंत थांबली, आणि मग सबंध वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "गेरोल्ट! किल्ली आण!"

क्नीपर्टचं डोकं कुंपणावर आलं. "रोझविटा, सगळं ठीक ना? वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

"तीन वाजलेत, क्नीपर्ट! आता मी ओरडू शकते!"

गेरोल्ट शेडमागून आला. त्याने खिशातून जुडगा काढला, एक किल्ली सोडवली आणि रुबार्बच्या केकशेजारी ठेवली. "मी येणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही काढलंत तर मी दुसरं पत्र लिहिणार नाही. एवढं नक्की."

"उपकार झाले," रोझविटा म्हणाली.

*

चार वाजायला पाच मिनिटं असताना हेनरिकेने इमारतीचं मागचं दार उघडलं. रोझविटा पायरीवरच थांबली. तेहतीस वर्षांत ती या दाराशी आली नव्हती. ट्रामने जायचं झालं तरी ती एक थांबा पुढे उतरायची.

"वास तोच आहे," ती म्हणाली. एवढंच.

गेरोल्टच्या काचकामाच्या कार्यशाळेबाहेर, भिंतीवर लाकडी खण होते. 'जाणारं टपाल' लिहिलेल्या खणात एकच पाकीट होतं. तपकिरी, चौकटी आखलेलं, वरच्या एकोणीस नावांवर रेघ मारलेली. विसावं नाव: कर्मचारी विभाग. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. ही पाकिटं कधीच चिकटवत नाहीत, म्हणून तर ती एवढी वर्षं चालतात.

हेनरिकेने खिडकीशी उभं राहून पत्र वाचलं. एकदा, मग पुन्हा. मग आईला दिलं.

पत्र पाऊण पानाचं होतं. गेरोल्टने सहकारी बाईंचा फोन, यादी, वेळ, सगळं नोंदवलं होतं. चूक माझी आणि केवळ माझी, असं लिहिलं होतं. आणि मध्ये एक वाक्य होतं: 'मुलाखत सुरू होण्यापूर्वी डॉ. लोझे यांनी मला दारात गाठून, मी या कामकाजातून बाहेर पडावं, अशी स्पष्ट विनंती केली होती. ती मी मानली नाही.'

"हे झालं?" रोझविटाने विचारलं.

"नाही. मी त्याच्याशी बोललेच नाही."

रोझविटाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

"म्हणजे याला खोटं लिहिता येतं," ती म्हणाली.

"आई."

"नीट, सुंदर अक्षरात. तारखेसकट. याला खोटं लिहिता येतं!" रिकाम्या बोळात तिचा आवाज घुमला. "मग ब्याण्णवमध्ये काय झालं होतं? तेव्हा त्याच्या हाताला काय झालं होतं? 'नाही'वर एक खूण, हेनरिके. वाक्यसुद्धा नाही. एक खूण! ती माझ्यासाठी नाही सुचली त्याला. अकरा हजार पाकिटं त्या दाराआड आहेत आणि मी लोकांच्या चष्म्याच्या काचा घासल्या."

हेनरिकेने आईच्या हातातून कागद सोडवला. "तेव्हा तो तीस वर्षांचा होता," ती म्हणाली. "आणि त्याला वाटलं होतं, खरं बोललेलं चालेल."

"आणि आता?"

"आता त्याला माहीत आहे."

"मग फाड ते. तोही तेच म्हणतोय. दुसरं लिहिणार नाही म्हणाला ना?"

हेनरिकेने कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "चिटणीसबाईंना तुझं नाव माहीत आहे, आई. आज नाही तर नोव्हेंबरमध्ये ते मला बोलावतील आणि विचारतील, तुम्ही त्यांना ओळखत होतात का? तेव्हा मी काय सांगू? मी पहिली आले. वीसपैकी वीस नमुने ओळखले. प्राध्यापकांच्या माणसाने तेरा. हे कुणीतरी खणातून कागद काढून माझ्याकडून परत घेईल, या भीतीने मी रोज सकाळी उठून खणाकडे बघत बसू?"

"मग त्याचं वाक्य राहू दे. त्यात तू स्वच्छ आहेस."

"त्यात मी खोटी आहे. आणि ते खोटं टिकवणं माझ्या हातात नाही, त्याच्या हातात आहे."

तिने पिशवीतून पेन काढलं. मामाच्या वाक्यावर तिने एक सरळ रेघ मारली, वाचता येईल अशी. खाली उरलेल्या पाव पानात लिहिलं: 'वरील वाक्य खरं नाही. मी हेर हायनेमान यांना पाहिलं, ओळखलं आणि गप्प बसले. समितीच्या कुणाही सदस्याला हे माहीत नव्हतं. १४ मे रोजी चारही मुलाखती एका दिवसात झाल्या. त्याच चार उमेदवारांच्या मुलाखती परिषदेच्या दुसऱ्या प्रतिनिधीसमोर ३० जूनपूर्वी पुन्हा घेता येतील. त्यासाठी नव्या जाहिरातीची गरज नाही. पदे गोठवण्याचा आदेश हे तसं न करण्याचं कारण होऊ शकत नाही. मी तशी मागणी करते.' तारीख. सही. डॉ. हेनरिके लोझे.

रोझविटा बघत होती. तिने हात धरला नाही.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "तुझं वाचतील का ते? खूण वाचतात आणि खालच्या ओळी सोडून देतात."

"या वेळी खूणच नाहीये. ओळीच आहेत."

"त्यांना खूण शोधून काढता येते."

हेनरिकेने पाकीट खणात ठेवलं. परत येताना रोझविटा एका बंद दारासमोर थांबली आणि दाराच्या काचेतून आत पाहू लागली. करडी कपाटं दिसत होती, दोन रांगा. तिने मोजली. मग म्हणाली, "एक कमी आहे," आणि पुढे चालू लागली.

बागेत टिल्मानने केक कापून ठेवला होता आणि गेरोल्टने ताटं धुतली होती. रोझविटाने केकचा एक तुकडा मुलाला दिला, एक मुलीला, एक कुंपणावरून क्नीपर्टला. मग सुरी पुसून बाजूला ठेवली. गेरोल्टने स्वतःचा तुकडा स्वतः घेतला.

*

ट्रॉली सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी आली. पाकीट कर्मचारी विभागात नऊ वीसला नोंदवलं गेलं. बुधवारी कर्मचारी परिषदेच्या बैठकीत नेमणुकीचा विषय यादीतून वगळण्यात आला. गेरोल्टने परिषदेचा राजीनामा देऊ केला होता. तो पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे.

गुरुवार, १९ जून, सकाळी अकराला हेनरिकेला एका बाईंचा फोन आला. इल्का ब्रेमर, १४ मेच्या यादीत दुसरी आलेली. दोघी संशोधन-परिषदांमध्ये भेटलेल्या होत्या.

"काय वेडेपणा चाललाय तुमच्याकडे?" इल्का म्हणाली. "२७ तारखेला पुन्हा मुलाखत. मला काल संध्याकाळी मेल आलं. त्या कोपनहेगनवाल्यालाही आलं, आत्ताच बोलले त्याच्याशी. चौथ्यालाही. तुला किती वाजताची वेळ दिलीय?"

हेनरिकेने मेल उघडून पाहिलं. नको असलेल्या पत्रांचा कप्पाही उघडला. त्यात फक्त टिल्मानच्या कंपनीची हीटपंपाची जाहिरात होती.

ती कर्मचारी विभागाला फोन करते आहे. पहिल्यांदा लाइन व्यस्त होती, दुसऱ्यांदा कुणी उचलला नाही. इमारतीची किल्ली अजून रोझविटाकडे आहे. तिने ती परत दिलेली नाही, आणि गेरोल्टने मागितलेली नाही.